सोयाबीनचं स्टेडियम

वर्ल्ड कपची फायनल चालू होती. माणिककाकांच्या बैठकीत आम्ही दहा-पंधरा जण टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलो होतो. गोल झाला आणि सगळी बैठक एकदम उठून उभी राहिली. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं, कुणाच्या पायानं चहाचा कप उडाला. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "खाली बसा रे! छप्पर दिसंना मला!"

गोल झाल्यावर कॅमेरा वर जातो आणि क्षणभर सगळं स्टेडियम दिसतं. काका मघापासून तेवढ्या एका क्षणासाठी टपून बसले होते आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही त्यांच्यापुढं उड्या मारत होतो.

"गोल कुणी केला काका?" मी मुद्दाम विचारलं.

"गोल सोड, गॅलरी सांग. त्या पार वरच्या माणसाला बॉल दिसत असंल का?"

"गोल सोड, गॅलरी सांग" हे काकांचं पालुपद. त्यामुळं आमच्या जवळा बाजार गावात त्यांचं नावच गॅलरीकाका पडलं आहे. रस्त्याला लागून त्यांचं मोठं सिमेंटचं घर, मागं बागायती जमीन, दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला. काकांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे मी त्यांना अनेकदा समजावलं, पण ते प्रत्येक वेळी "बराबर हाय" म्हणतात आणि विसरून जातात. स्टेडियमचं मात्र एकदा पाहिलेलं विसरत नाहीत. कुठल्या देशातल्या मैदानाचं छप्पर सरकतं, कुठं पळायची पट्टी मधे आल्यानं प्रेक्षक लांब पडतो, कुठं वर्ल्ड कपसाठी बांधलेल्या स्टेडियमात आता गवत माजलंय, हे ते आपल्या भावकीची माहिती सांगावी तसं सांगतात.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. घरी टीव्ही नव्हता, म्हणून मी मॅच बघायला काकांकडं जायचो. तिथं फुकट काही नव्हतं. इंग्रजी कॉमेंट्रीचं मराठी करून सांगायचं, हे माझं तिकीट.

"तो काय बोलून राहिला?"

"काका, तो म्हणतो, डावीकडून फार सुंदर पास दिला."

"ते मला दिसलं. खुर्च्यांचं काही बोलला का?"

खुर्च्यांचं काही ऐकू येतंय का म्हणून मी इतके कान टवकारायचो की माझं इंग्रजी कॉलेजात सुधारलं नसेल तेवढं त्या बैठकीत सुधारलं. बीए झालो तेव्हा माझ्या आईच्या आधी काकांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या टीव्हीवर शिकला." आता मी गावातल्याच शाळेत शिकवतो आणि गावच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी आहे. काका मला मास्तर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, ते दिवसावर अवलंबून असतं.

फुटबॉलबद्दल काकांचा एक सिद्धांत आहे. तो त्यांनी चहाच्या हॉटेलात, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर अंत्ययात्रेत चालताना मला सांगितला आहे.

"मास्तर, वर्ल्ड कप कुठं भरणार हे कोण ठरवतं? चांगला खेळणारा? न्हाई. ज्याच्यापाशी बसवायला जागा अन् वतायला पैसा, त्याच्या दारात वर्ल्ड कप. त्या वाळवंटात घेतला का न्हाई? माणूस उभ्या उभ्या भाजून निघावा अशी जागा. स्टेडियममधी गार हवा सोडली अन् भरवला! आता तीन देशांनी मिळून घेतलाय. एकट्याला पेलंना म्हणून भावकीवानी वाटून घेतला. अन् जिंकणारे कोण? भलतेच. ते आपले पाव्हणे."

"पण काका, शेवटी खेळ महत्त्वाचा."

"खेळ कुठंबी व्हतो. आपल्या उकिरड्यापाशी पोरं रोज खेळतेत. तिथं का येत न्हाई तुझा वर्ल्ड कप?"



गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या गावांची फुटबॉल स्पर्धा झाली. आमचा क्लब पहिल्याच सामन्यात हरला. आम्ही माना खाली घालून परत आलो, तर काका रस्त्यावर हसतमुख उभे. "हारले ते बरं झालं. आता निवांत फायनल भरवू."

फायनल आखाडा बाळापूर आणि गोरेगाव या गावांच्या संघांत होणार होती आणि ती कुठं घ्यायची हे स्पर्धेची कमिटी ठरवणार होती. मैदानं दोन. एक आमच्या शाळेचं, सपाट, मऊ मातीचं, सगळ्या खेळाडूंच्या आवडीचं. दुसरं शहराकडच्या रस्त्यावरचं. तिथं एका प्लॉटवाल्या शेठनं मैदानाच्या कडेला सिमेंटची गॅलरी बांधली होती, शिवाय कप, चहापाणी, मंडप सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. आमच्याकडं बसायला बांध होता आणि खर्चाला वर्गणी.

"चल," काका म्हणाले, "दुश्मनाचं स्टेडियम बघून येऊ."

जीपनं गेलो. काका त्या गॅलरीच्या प्रत्येक पायरीवर बसले. एकदा सरळ, एकदा तिरपे, एकदा म्हाताऱ्यासारखे गुडघ्यावर हात ठेवून. वितीनं पायरीची उंची मोजली. मग एकदम जागेवरून ओरडले, "मास्तर, तिकडचा गोल कुठंय?"

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. खरंच दिसत नव्हता. मधे शेठच्या जाहिरातीचा भलामोठा बोर्ड होता आणि त्याच्यामागं गोलपोस्ट बेपत्ता. शिवाय गॅलरीचं तोंड पश्चिमेला. दुपारच्या मॅचला ऊन सरळ डोळ्यात.

काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. "अर्धंच मैदान दिसतं इथून. पण प्लॉट बघ, सगळे दिसतेत!"

परतीच्या जीपमध्ये मीच त्यांना सहज सांगितलं की आखातात वर्ल्ड कपसाठी एक स्टेडियम जहाजातून माल नेतात त्या लोखंडी डब्यांचं उभारलं होतं, स्पर्धा झाली की उतरवता यावं म्हणून. काकांनी माझ्याकडं छप्पर दिसल्यासारखं बघितलं.  जीप थांबली तरी उतरेनात.

"डब्यांचं?"

"हो."

"मग कट्ट्यांचं काहून न्हाई?"

आमच्याकडं कट्टा म्हणजे धान्याचं पोतं. त्या हंगामात सोयाबीनचा भाव पडलेला होता, म्हणून गावात जवळजवळ प्रत्येकानं माल घरात ठेवला होता. लोकांना झोपायला जागा नव्हती, सोयाबीन मात्र पंख्याखाली होतं. काका दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरले. "घरात उंदरं खाऊन राहिले. मैदानात आणा. पायऱ्या करू, वर ताडपत्री टाकू, दोन माणसं राखणीला ठेवू. मॅच झाली की आपापला माल आपापल्या घरी."

पहिली अडचण आणली मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडते करीमभाई यांनी. ते काकांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळं दोघं एकमेकांशी सरळ कधीच बोलत नाहीत.

"माणिकराव, पब्लिक बैठेगी तो माल का चुरा होता. फिर मैं चुऱ्याचा भाव देऊ का?"

"तुमी असंबी चुऱ्याचाच भाव देता करीमभाई."

दुसरी अडचण मोठी होती. काशीमावशी मैदानात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वय झालेलं, पण आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "लक्ष्मीवर बूड टेकवता व्हय रे माणक्या? धान्याला पाय लागला तर आपण कपाळाला हात लावून पाया पडतो. अन् तू त्याच्यावर चपला घालून गाव बसवणार?"

मैदानात जमलेल्या लोकांनी नकळत आपापल्या चपलांकडं बघितलं. मावशींचं म्हणणं खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. कुणीतरी हळूच म्हणालं, "सोयाबीनला कोण धान्य म्हणतं? आपल्या घरात कुणी खातं का?" त्यावर मावशींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गर्दीत मागं सरकला.

काकांनी मात्र हात जोडले. "मावशे, बराबर हाय तुझं. चपला खाली काढायच्या. कट्ट्याला नमस्कार करायचा, मग वर चढायचं. चालंल?"

मावशींनी विचार केला. "अन् तंबाखू थुकायची न्हाई."

"न्हाई."

"मग माझे बी कट्टे घे. पण मला सावलीतली जागा पायजे."

अशा रीतीनं जिथं चपला काढून चढायचं असं जगातलं बहुधा पहिलं फुटबॉल स्टेडियम आमच्या गावात उभं राहू लागलं.

ते दिवस आठवले की मला आजही एका जागी बसवत नाही. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर येत होते. मोंढ्यातल्या हमालांनी थप्पी कशी बांधायची ते दाखवलं, एक कट्टा आडवा, एक उभा, म्हणजे रांग सरकत नाही. काकांनी स्टेडियम मैदानाच्या पश्चिमेला घ्यायला लावलं, ऊन पाठीवर पडावं म्हणून. लोक म्हणाले, चहाचं हॉटेल पूर्वेला आहे. काका म्हणाले, "चहा उठून पेता येतो. सूर्य उठवून दुसरीकडं ठेवता येत न्हाई." प्रत्येक रांग तयार झाली की तिची परीक्षा. गावातला सगळ्यात मोठा फेटेवाला पुढच्या रांगेत बसवायचा आणि त्याच्यामागं सगळ्यात बुटका माणूस. बुटक्याला बॉल दिसला नाही तर मागची रांग अजून एका कट्ट्यानं उंच. आमचे ड्रिलचे सर बुटके. त्यांना या कामासाठी रोज वर्गावरून बोलावणं यायचं.

पाहुण्या पुढाऱ्यांसाठी काकांनी कापसाची बोचकी मांडली होती, मऊ बसावं म्हणून. परीक्षेला करीमभाईंना बसवलं. ते बसले आणि हळूहळू आत जात जात फक्त टोपी दिसायला लागली.

"माणिकराव, निकालो मेरेकू! कायको मजाक लावले!"

"बॉल दिसतो का तेवढं सांगा!"

"बॉल कायका, आस्मान बी नै दिख रा!"

चार जणांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. अंगभर कापूस. त्या दिवसापासून पुढाऱ्यांनाही सोयाबीनच.

कमिटीची पाहणी ठरली तेव्हा आमचं स्टेडियम पूर्ण झालं होतं. निळ्या ताडपत्रीच्या पायऱ्या, वर मंडपाचं कापड, काशीमावशींसाठी सावलीतला कोपरा. बायकांना बसायची वेगळी रांग होती आणि ती मागं नव्हती, मधोमध होती. मी सर्वात वरच्या पायरीवर उभा राहिलो. दोन्ही गोल लख्ख दिसत होते. मला वाटलं, फायनल आपली.

पाहणीच्या दिवशी सकाळी करीमभाई मोटारसायकलवर मैदानात आले. गाडी बंद न करताच ओरडले, "भाव चढ गया! सोयाबीन का भाव चढ गया!"

 एकेक माणूस घरातून निघून मैदानाच्या कडेला येऊन उभा राहू लागला. कट्ट्यांवर खुणा होत्या. जो तो आपापला माल कुठल्या रांगेत आहे ते बघत होता आणि काकांची नजर वळली की आभाळाकडं बघत होता. सगळ्यांनी शब्द दिला होता. सगळ्यात खालच्या रांगेत सखारामचा माल होता. त्याच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश झाला होता आणि तो भावाची वाट बघत होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा माल काढायचा तर वरचं सगळं स्टेडियम आधी उतरवावं लागणार होतं.

"दोन-चार दिवस थांबू की," सखारामच म्हणाला. "भाव काय पळून जातो?"

"पळूनच जातो," काका म्हणाले. "तुला मला ठाव हाय."

ते एकेक पायरी चढून वर गेले. ताडपत्री ओढली. सगळ्यात वरचा कट्टा होता त्यांचाच. तो त्यांनी पाठीवर घेतला, त्या वयात, आणि खाली उतरून ट्रॅक्टरजवळ ठेवला. मग धापा टाकत आमच्याकडं वळून म्हणाले, "बघत काय राहिले? त्या आखातवाल्यांना उतरवायला किती दिवस लागले असतील कोण जाणे. आपण दुपारपर्यंत उतरवू! याला म्हणतात डिझाइन! मास्तर, वरून सुरू कर, खालून ओढलं तर ढासळंल!"

आणि मग बांधतानाही झाली नव्हती एवढी गडबड उडाली. काका मधे उभे राहून हात हलवत होते. "डावी बाजू आधी! सखारामच्या कट्ट्यांना वाट करा! मावशीची सावली शेवटी काढा!" ट्रॅक्टर भरून मोंढ्याकडं निघत होते, रिकामे परत येत होते. काकांच्या आवाजात एवढा जोर होता की आम्हालाही वाटू लागलं, आपण काहीतरी जिंकत आहोत.

कमिटीची गाडी आली तेव्हा मैदानाच्या कडेला दबलेलं गवत होतं आणि मंडपाचे बांबू. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "माणिकराव, स्टेडियम कुठंय?"

उत्तर करीमभाईंनी दिलं. "काट्यावर है साब. आधा तुल गया, आधा लाइन में है."

काकांनी तरीही हार मानली नाही. अध्यक्षांचा हात धरून त्यांना दबलेल्या गवतावरून चालवलं. "ही पहिली रांग बघा. ही दुसरी. इथून दोन्ही गोल दिसतेत. तिकडं शेठकडं एक दिसत न्हाई, बसून बघितलंय मी. ऊन बी डोळ्यात येतं."

"खरं आहे," अध्यक्ष म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "पण पब्लिकला मी गवतावर रांगा समजावून सांगू का? शिवाय खर्चही ते उचलताहेत. आम्ही तरी काय करणार?"

फायनल शेठच्या मैदानावर ठरली. काकांनी अध्यक्षांना चहा पाजूनच सोडलं.

गावात कुणी काकांपुढं तो विषय काढला नाही. फायनलच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायला आला असताना, मी त्यांच्याकडं गेलो. उद्या आमची जीप मॅचला जाणार होती, तुम्ही येता का, एवढंच विचारायचं होतं. बैठकीत कुणी नव्हतं. आतून काही सरकवल्याचा आवाज येत होता म्हणून मी पहिल्यांदाच बैठक ओलांडून आतल्या भागात गेलो.

मुलांसाठी बांधलेल्या दोन मोठ्या खोल्या होत्या. दोन्हींमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या घातलेल्या होत्या. प्रत्येक गादीवर धुतलेली चादर, उशी, उशीवर घडी केलेला टॉवेल आणि साबणाची नवी वडी. खिडकीत आरसा टांगलेला, त्याच्याखाली कंगवे. काका एका गादीची चादर ताणून सरळ करत होते. ती आधीच सरळ होती.

मला पाहून ते जरा ओशाळले.

"टीमा आदल्या दिवशी येतेत ना," ते म्हणाले. "त्यांना झोपवायचं कुठं, हे तुम्हा कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. मी आधीच करून ठेवलं व्हतं. बाळापूरची पोरं त्या खोलीत, गोरेगावची ह्या. रातचं भांडण नको म्हणून मधल्या खोलीत मी."

"काका, फायनल तर…"

"म्हाईत हाय. उचलायच्याच हायेत. रोज म्हणतो उद्या उचलू."

काकू थोरल्याच्या लेकराला सांभाळायला पुण्याला गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. धाकट्याचं घर तिथंच. दिवाळीला कधी येतात, कधी काकाच जाऊन येतात. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त या घरात बैठकीच्या मागं इतक्या खोल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि कडेच्या एका गादीवर बसलो. कापूस नवा भरलेला होता.

"जेवून आला का?" काकांनी विचारलं.

मी जेवून आलो होतो. "न्हाई," मी म्हणालो.

"मग बस. टाकतो कायतरी."

ते लगबगीनं स्वयंपाकघरात गेले. थोड्याच वेळात भांडी खाली काढल्याचा आवाज येऊ लागला. मोठी भांडी, माळ्यावरची. मी फोन काढला आणि पहिल्याच सामन्यात हरलेल्या आमच्या क्लबच्या सगळ्या पोरांना एकच निरोप पाठवला: जेवायला आणि मुक्कामाला गॅलरीकाकांकडं या, जीप सकाळी इथूनच निघेल, अंथरूण कुणीही आणू नका.